सरपण वाळते ते फोडल्यावर: पडलेल्या कठीण लाकडाचे जळण कसे करावे

नवशिक्याची पहिली चूक बहुधा करवत हाती घेण्यापूर्वीच झालेली असते. झाड वर्ष-दोन वर्षांपूर्वी उन्मळून पडलेले आहे, फांद्यांवर एकही पान उरलेले नाही, तेव्हा लाकूड वाळलेच असणार असे तो गृहीत धरतो, तुकडे करून थेट चुलीत घालतो आणि मग डोळे चोळत बसतो. पडलेले लाकूड आणि वाळलेले लाकूड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सालीसकट जमिनीला टेकून पडलेले खोड वाळत नाही, ते कुजते. जिवंत झाडात पाणी मुळांकडून शेंड्याकडे उभ्या नलिकांमधून चढते आणि तोडलेल्या लाकडातील ओलही त्याच दिशेने, म्हणजे कापलेल्या टोकांमधून, सर्वांत लवकर बाहेर पडते. आडव्या दिशेने ती फार सावकाश सरकते आणि साल तर तिला अडवूनच धरते. त्यामुळे चार मीटरांचे अखंड खोड दोन उन्हाळे पडून राहिले तरी आतून ओले असू शकते, आणि त्याच खोडाचे हातभर लांबीचे, फोडलेले तुकडे मात्र पहिल्या कोरड्या महिन्यातच हलके होऊ लागतात. गोळा करणे, कापणे, फोडणे आणि रचणे ही चारही कामे लाकडातील पाणी बाहेर काढण्याची आहेत, हे लक्षात ठेवले तर पुढच्या बहुतेक सूचना आपोआप पटतील.

पाणी किती आणि ते का घालवायचे

लाकडाची ओल साधारणपणे पूर्ण कोरड्या लाकडाच्या वजनाच्या तुलनेत मोजतात. नुकत्याच तोडलेल्या बहुतेक कठीण लाकडांमध्ये ती 50 ते 100 टक्के असते. म्हणजे 10 किलो कोरड्या लाकडाबरोबर 5 ते 10 किलो पाणी आपण उचलत असतो. जळणासाठी ही ओल 20 टक्क्यांच्या खाली यावी लागते. योगायोग असा की लाकूड कुजवणाऱ्या बुरशीलाही साधारण याहून अधिक ओल लागते, त्यामुळे नीट वाळलेले सरपण चांगले जळते आणि टिकतेही.

ओले लाकूड वाईट का जळते, याचे नेहमीचे उत्तर असे की बरीच उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. हे खरे आहे, पण अपुरे आहे. एक किलो पाण्याची वाफ होण्यास सुमारे 2.26 मेगाज्यूल उष्णता लागते, तर एक किलो पूर्ण कोरडे लाकूड जळून 18 ते 20 मेगाज्यूल उष्णता मिळते. दहा किलो कोरड्या लाकडात आठ किलो पाणी असण्याऐवजी दोनच किलो असले, तर वाफेपायी होणारी बचत एकूण उष्णतेच्या दहा टक्क्यांच्याही आतली असते. खरे नुकसान वेगळेच आहे. लाकडातून निघणारे वायू पेट घेण्यासाठी जेवढी ऊब लागते तेवढी पाण्यामुळे तयारच होत नाही. ते न जळता धूर होऊन निघून जातात आणि धुराड्याच्या थंड भिंतींवर डांबरासारखा थर होऊन साचतात. हा थर पुढे कधीतरी पेटला की धुराड्यातच आग लागते. म्हणून सरपण वाळवणे हा काटकसरीइतकाच सुरक्षिततेचाही प्रश्न आहे.

कोणते लाकूड उचलावे, कोणते सोडावे

सर्वप्रथम जागेच्या मालकाची, आणि जमीन सरकारी किंवा वनखात्याची असेल तर संबंधित कार्यालयाची परवानगी घ्यावी. पडलेले झाड बेवारस दिसले तरी ते सहसा कोणाचे तरी असतेच. परवानगी मिळाल्यावरही सगळे उचलून नेऊ नये. पोकळ, शेवाळलेले आणि भुसभुशीत झालेले खोड जळणाच्या दृष्टीने निरुपयोगी असते. कुजताना त्यातील जळाऊ द्रव्य बुरशीने खाल्लेले असते. उलट जमिनीच्या, कीटकांच्या आणि पक्ष्यांच्या दृष्टीने तेच सर्वांत मोलाचे असते. ते तिथेच राहू द्यावे.

परीक्षा सोपी आहे. कुऱ्हाडीच्या डोक्याने खोडावर ठोकावे. निरोगी लाकूड टणक आवाज देते, कुजलेले धप्प वाजते. साल थोडी काढून लाकडात नख किंवा चाकूचे टोक रुतवून पाहावे. सहज रुतले तर पुढे चालू लागावे. फक्त बाहेरचा फिकट थर मऊ झाला असेल आणि आतला गडद गाभा घट्ट असेल, तर मात्र लाकूड घेण्यासारखे असते, कारण अनेक झाडांचा गाभा कुजण्यास बराच काळ दाद देत नाही. जमिनीपासून वर, दुसऱ्या झाडावर किंवा स्वतःच्याच फांद्यांवर टेकून राहिलेले भाग सर्वांत चांगले. तेथून सुरुवात करावी.

कठीण लाकूड म्हणजे शास्त्रीय वर्गीकरणानुसार रुंद पानांच्या झाडांचे लाकूड, पण नावावर फार विसंबू नये, कारण शेवगा आणि सावर हीदेखील रुंद पानांचीच झाडे आहेत आणि त्यांचे लाकूड मऊ व हलके असते. वजनाला वजन घेतले तर सर्व कोरडी लाकडे जवळपास सारखीच उष्णता देतात. फरक पडतो तो घनतेमुळे. बाभूळ किंवा ओक यांसारख्या जड लाकडाचा एक तुकडा तेवढ्याच आकाराच्या हलक्या लाकडापेक्षा बराच अधिक वेळ जळतो आणि निखारे धरून ठेवतो. काही झाडे मात्र टाळलीच पाहिजेत. कण्हेर विषारी आहे आणि तिचा धूरही घेऊ नये. बिब्ब्याच्या चिकाने अंगावर फोड येतात. रंग दिलेले, रसायनात मुरवलेले किंवा गोंदाने चिकटवलेले लाकूड जळण म्हणून वापरू नये. झाड ओळखता येत नसेल तर ते जाणकाराला दाखवून मगच हात लावावा.

लाकूड फार लांबून आणू नये, हा सल्ला अनेकांना अनावश्यक वाटतो. सालीखाली दडलेल्या अळ्या आपल्याबरोबर प्रवास करतात. ॲश नावाच्या वृक्षांचा जीव घेणारा हिरवा भुंगा उत्तर अमेरिकेत 2002 साली प्रथम ओळखला गेला आणि त्याने पुढे तेथील कोट्यवधी झाडे मारली. त्याचा प्रसार दूरवर होण्यास जळणाच्या लाकडाची वाहतूक हे एक मोठे कारण ठरले. ज्या परिसरात पडले त्याच परिसरात जाळावे, हे उत्तम.

कापणे

पडलेले झाड निपचित दिसते, पण त्यात ताण साठलेला असतो. मुळांसकट उपटलेल्या झाडाचे खोड कापले की मातीने जड झालेला मुळांचा गड्डा अचानक मागे कोसळून पुन्हा उभा राहू शकतो, म्हणून त्याच्या मागे किंवा खाली कोणालाही उभे राहू देऊ नये. वाकून अडकलेली फांदी कापताच चाबकासारखी उसळते. अशी झाडे, तसेच दुसऱ्या झाडात अर्धवट अडकून लोंबणारी झाडे, नवशिक्याने अनुभवी माणसाकडेच सोपवावीत. उतारावर काम असेल तर ओंडक्याच्या वरच्या बाजूस उभे राहावे. आणि खोडाखाली हात घालण्यापूर्वी ते काठीने किंवा पहारीने हलवून पाहावे, कारण विंचू-सापांनाही ती जागा आवडते.

कापताना करवत का अडकते हे समजले की निम्मे श्रम वाचतात. खोड दोन्ही टोकांना टेकलेले आणि मधे अधांतरी असेल तर त्याची वरची बाजू दाबाखाली व खालची ताणाखाली असते. वरून कापत गेलो तर चीर मिटते आणि पाते जखडले जाते. अशा वेळी आधी वरून सुमारे एकतृतीयांश जाडीपर्यंत कापावे आणि उरलेले खालून पूर्ण करावे. खोड एकाच टोकाला टेकून दुसरे टोक बाहेर लोंबत असेल तर नेमके उलट करावे: आधी खालून एकतृतीयांश, नंतर वरून. जमिनीला पूर्ण टेकलेल्या खोडात वरून बरेचसे कापून चिरेत पाचर बसवावी, मग खोड फिरवून उरलेला भाग कापावा. करवतीचे दात मातीला लागले की धार क्षणात जाते.

पंधरा-वीस सेंटिमीटर जाडीपर्यंत धनुष्याकृती चौकटीची हातकरवत पुरते. त्यासाठी फुलीच्या आकाराच्या दोन पायांची लाकडी घोडी करून घ्यावी, म्हणजे कंबर वाचते. यांत्रिक साखळी करवत लेख वाचून शिकण्याचे साधन नव्हे. ती कोणाच्या तरी देखरेखीखाली, शिरस्त्राण, डोळ्यांचे व कानांचे संरक्षण, पायांची खास विजार आणि मजबूत बूट घालून शिकावी. तिच्या पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की ती माणसाच्या अंगावर उलटते, एवढे तरी हाती घेण्यापूर्वी माहीत असावे.

तुकड्याची लांबी चूल किंवा शेगडी ठरवते. आतल्या लांबीपेक्षा पाच सेंटिमीटर कमी ठेवावी. बहुतेक घरांत 30 ते 40 सेंटिमीटर योग्य ठरतात. मापाची एक काठी तोडून घ्यावी आणि कापण्यापूर्वी पूर्ण खोडावर खडूने खुणा कराव्यात, कारण सर्व तुकडे एकाच लांबीचे असले तरच पुढे रास सरळ उभी राहते. वजनाचाही अंदाज घ्यावा. 40 सेंटिमीटर व्यासाच्या ओल्या खोडाचा एक मीटर लांबीचा तुकडा सुमारे सव्वाशे किलो भरतो; तोच 35 सेंटिमीटरचा केला तर 44 किलो. मोठे तुकडे उचलू नयेत, पहारीने उलटवून लोळवत न्यावेत.

फोडणे

लाकूड शक्य तितक्या लवकर, ओले असतानाच फोडावे. सरळ शिरेचे बहुतेक लाकूड ओले असताना सहज दुभंगते, आणि काही झाडांचे लाकूड वाळल्यावर अक्षरशः दगड होते. शिवाय न फोडलेल्या ओंडक्यात जो महिना जातो तो वाळण्याच्या हिशेबातून वायाच गेलेला असतो.

तोडण्याची आणि फोडण्याची कुऱ्हाड वेगळी. तोडण्याच्या कुऱ्हाडीचे पाते पातळ असते आणि ते शिरा कापते. फोडण्याची कुऱ्हाड जड, पाचरीसारखी फुगीर असते आणि ती शिरा एकमेकींपासून दूर ढकलते. पातळ पात्याने फोडू पाहणाऱ्याचा निम्मा वेळ रुतलेले पाते सोडवण्यात जातो. डोक्यासह दोन ते तीन किलोचे हत्यार पुरेसे असते. त्याहून जड घेतल्याने पहिल्या दहा घावांत समाधान आणि उरलेल्या शंभरांत खांदेदुखी मिळते. दांडा सैल नाही ना, हे रोज पाहावे. सैल दांडा रात्रभर पाण्यात भिजवण्याची सवय अनेकांना असते. लाकूड फुगून डोके घट्ट बसते खरे, पण वाळल्यावर ते पूर्वीपेक्षाही ढिले होते. पाचर नव्याने ठोकून दांडा बसवणे हाच खरा उपाय.

फोडण्यासाठी गुडघ्याहून थोडा बुटका, रुंद आणि सपाट ठोकळा जमिनीवर पक्का बसवावा. ओंडका थेट जमिनीवर ठेवला तर मऊ माती घावाचा जोर खाते आणि चुकलेला घाव दगडावर किंवा पायावर जातो. ओंडका ठोकळ्याच्या मध्यावर न ठेवता आपल्यापासून दूरच्या कडेला ठेवावा, म्हणजे घाव अलीकडे पडला तरी पाते ठोकळ्यातच रुतते. पाय खांद्यांएवढे फाकवून उभे राहावे. आधी पाते ओंडक्यावर टेकवून, हात सरळ ठेवून अंतर मापून घ्यावे. कुऱ्हाड उचलताना वरचा हात कुऱ्हाडीच्या डोक्याजवळ असावा आणि खाली आणताना तो दांड्यावरून सरकत खालच्या हाताजवळ यावा. घाव बसण्याच्या क्षणी गुडघे वाकवावेत. तसे केल्याने पाते अंगाकडे गोलाईने न येता सरळ खाली जाते, आणि पोटरी वाचवणारी सवय यापेक्षा दुसरी नाही. नजर कुऱ्हाडीवर नव्हे, तर जिथे घाव घालायचा त्या रेषेवर ठेवावी. ताकद शेवटी येते, आधी अचूकता हवी.

ती रेषा निवडणे हेच या कामातील कौशल्य आहे. ओंडक्याच्या तोंडावर मध्यापासून कडेकडे जाणाऱ्या बारीक भेगा दिसतात. लाकूड स्वतःच कुठून फुटू इच्छिते ते त्या सांगतात. त्या भेगेत, मध्यावर न मारता कडेजवळ पहिला घाव घालावा. फार रुंद ओंडका मधोमध दुभंगण्याचा हट्ट धरू नये. त्याच्या कडेने भोवताली फिरत एकेक फाळ सोलून काढावी आणि शेवटी उरलेला लहान गाभा फोडावा. मी पहिल्या वर्षी एका गाठाळ ओंडक्यावर अख्खी सकाळ घालवली होती, आणि दुसऱ्या दिवशी तोच ओंडका कडेकडेने वीस मिनिटांत संपला. गाठ आली तर तिच्यामधून रेषा नेऊ नये, बाजूने न्यावी. जिथून दोन फांद्या फुटतात त्या बेचक्यात शिरा एकमेकींत विणलेल्या असतात. असे तुकडे करवतीने लहान करावेत किंवा थंडीतल्या रात्रभराच्या शेगडीसाठी तसेच बाजूला ठेवावेत. एक जुना टायर ठोकळ्यावर बसवून ओंडका त्याच्या आत उभा केला, तर फुटलेल्या फोडी इकडेतिकडे उडत नाहीत आणि प्रत्येक घावानंतर वाकून उचलाव्या लागत नाहीत.

कुऱ्हाड दाद देत नसेल तर लोखंडी पाचर आणि घण वापरावा. पहिली पाचर रुतून बसली तर त्याच भेगेत पुढे दुसरी ठोकून ती सोडवावी. ठोकून ठोकून पाचरीचे डोके छत्रीसारखे पसरले असेल तर त्या कडा घासून काढाव्यात, कारण तेथून तुटणारा तुकडा गोळीसारखा उडतो. याच कारणाने कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूवर घण कधीही मारू नये. डोळ्यांवर चष्मा हवाच, आणि कुऱ्हाड चालू असताना पाच मीटरांच्या आत दुसरे कोणी नसावे. ओंडका धरून ठेवायला तर कोणालाही सांगू नये.

फोडींची जाडी 8 ते 15 सेंटिमीटर असावी. पातळ फोडी लवकर वाळतात पण भडकन जळून जातात, म्हणून सगळ्या सारख्या करू नयेत. मनगटाएवढ्या जाडीच्या गोल फांद्याही एकदा उभ्या चिराव्यात, कारण सालीत गुंडाळलेली फांदी आपल्याला वाटते त्यापेक्षा फार उशिरा वाळते. खाली पडलेल्या ढलप्या आणि चिपा गोळा करून वेगळ्या वाळवाव्यात. चूल पेटवायला त्यांच्यासारखे काही नाही.

रचणे

फोडलेले लाकूड ढिगाने टाकून दिले तर वरचे वाळते आणि तळाचे कुजते. रास रचायची ती वाऱ्यासाठी. ऊन मदत करते, पण लाकडातून बाहेर आलेली वाफ वाहून नेतो तो वारा. म्हणून कोपऱ्यातील उन्हापेक्षा मोकळ्यावरचा वारा अधिक पसंत करावा, आणि रांगेची लांब बाजू वाऱ्याच्या नेहमीच्या दिशेला सामोरी ठेवावी. ही रांग घराच्या भिंतीला चिकटवू नये. वाळवीला तो आयता पूल मिळतो आणि आग लागली तर तीही त्याच वाटेने घरात येते. वर्षभराचा साठा घरापासून नऊ-दहा मीटर दूर ठेवावा आणि दाराशी फक्त काही दिवसांपुरते आणावे.

तळाशी विटा किंवा दगड ठेवून त्यांवर दोन समांतर वासे टाकावेत, म्हणजे लाकूड जमिनीपासून 10 ते 15 सेंटिमीटर वर राहते आणि खालून हवा खेळते. वाशांवर फोडी आडव्या, एकाच रांगेत, तोंडे दोन्ही बाजूंना उघडी राहतील अशा ठेवाव्यात. ओल तोंडांतूनच बाहेर पडते हे येथे उपयोगी येते. फोडी ठोकून घट्ट बसवायच्या नाहीत. जुने लोक म्हणतात तसे, उंदराला जाता यावे आणि मांजराला येऊ नये, एवढी फट ठेवावी. रांगेची दोन्ही टोके कोसळू नयेत म्हणून तेथे फोडींचे चौकोनी मनोरे रचावेत: एक थर उभा, त्यावर दुसरा आडवा. या मनोऱ्यांसाठी सर्वांत सरळ आणि सपाट फोडी आधीच वेगळ्या काढून ठेवाव्यात. एकेरी रांगेची उंची सव्वा मीटरच्या वर नेऊ नये, कारण वाळताना लाकूड आकसते, रास खचते आणि एका बाजूला झुकते. लहान मुले तिच्यावर चढणार हेही गृहीतच धरावे.

साल वर ठेवावी की खाली, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. माझ्या मते फक्त सर्वांत वरच्या थराची साल वर असावी, म्हणजे ती कौलासारखे पाणी उतरवते. मधल्या थरांना त्याने काही फरक पडत नाही.

झाकण्याच्या बाबतीत मात्र माझी स्वतःची फजिती सांगितली पाहिजे. पहिल्या पावसाच्या भीतीने मी संपूर्ण रास ताडपत्रीत जमिनीपर्यंत गुंडाळली होती. दोन महिन्यांनी ताडपत्री उचलली तेव्हा आत घाम आल्यासारखे थेंब होते आणि प्रत्येक फोडीवर पांढरी बुरशी चढलेली होती. छप्पर फक्त वर हवे, बाजू उघड्या हव्यात. पत्रा किंवा ताडपत्री वरून हातभर खाली येईल इतकीच टाकून दगडांनी दाबावी. एखाद्या सरीने फोडींचे पृष्ठभाग भिजले तर ते दोन दिवसांत सुकतात. मात्र सलग पावसाचा ऋतू असेल तर पक्के छप्परच बांधावे. बुरशी चढलेले सरपण घरात आणू नये, कारण तिचे कण श्वासावाटे फुप्फुसात जातात.

किती लाकूड जमले हे राशीच्या घनफळावरून काढता येते, पण त्यात हवाही मोजली जाते. एक घनमीटर नीट रचलेल्या राशीत प्रत्यक्ष लाकूड दोनतृतीयांशाच्या आसपास असते. फ्रान्समध्ये 1795 साली मेट्रिक मापे ठरली तेव्हा मीटर आणि लिटर यांच्या जोडीला जळणाच्या लाकडासाठी एक घनमीटरचे ‘स्टेर’ हे स्वतंत्र माप दिले गेले होते. अमेरिकेत अजून ‘कॉर्ड’ चालते, जे 128 घनफूट, म्हणजे सुमारे 3.6 घनमीटर भरते.

वाळले हे कसे ओळखावे

हलकी जातीची लाकडे सहा ते बारा महिन्यांत तयार होतात, ओकसारख्या दाट लाकडाला दोन वर्षेही लागतात. हवा दमट असेल तर हा काळ वाढतो. म्हणून प्रत्येक राशीच्या टोकावर फोडल्याची तारीख खडूने लिहून ठेवावी. स्मरणशक्ती या बाबतीत नेहमी आपल्या सोयीचे सांगते.

आधी पोकळ्यांतील मोकळे पाणी जाते, आणि ओल 30 टक्क्यांच्या खाली आली की पेशींच्या भिंतींतील पाणी सुटू लागून लाकूड आकसू लागते. त्यामुळे टोकांवर ताऱ्यासारख्या भेगा पडतात, साल सुटते, रंग फिका होतो. या खुणा वाळण्यास सुरुवात झाल्याच्या आहेत, वाळणे संपल्याच्या नव्हेत. दोन फोडी एकमेकींवर आपटल्यावर खणखणीत आवाज आला तर बरे लक्षण समजावे. एका टोकाला साबणाचे पाणी लावून दुसऱ्या टोकाने फुंकण्याचा प्रयोगही सांगितला जातो. त्यातून बुडबुडे आले तर नलिका मोकळ्या आहेत एवढेच कळते, आणि काही जातींच्या ओल्या लाकडातूनही ते येतात.

खात्री हवी असेल तर दोन सुयांचे ओलमापक घ्यावे. मात्र फोडीच्या बाहेरच्या बाजूवर किंवा टोकावर ते टोचणे म्हणजे स्वतःची फसवणूक करणे होय. राशीच्या मधली एक जाड फोड काढून ती पुन्हा दुभंगावी आणि नव्या तोंडाच्या मध्यावर, शिरांच्या दिशेने सुया रोवाव्यात. मापक नसेल तर साधा तराजू चालतो: रास रचतानाच तीन फोडींवर क्रमांक घालून वजन टिपून ठेवावे, दर महिन्याला पुन्हा करावे, आणि कोरड्या ऋतूतच सलग दोन महिने वजन बदलले नाही की तेथील हवेत जेवढे वाळायचे तेवढे लाकूड वाळले असे समजावे.

घरात आणताना फोडी बाहेरच एकमेकींवर झटकून घ्याव्यात, म्हणजे सालीतील किडे आणि कोळी अंगणातच राहतात. त्या चुलीपासून पुरेशा दूर ठेवाव्यात. गरम बाजूला टेकवून शेवटची ओल काढण्याचा मोह अनेकांना होतो आणि तशी लाकडे पेटल्याची उदाहरणे कमी नाहीत. राशीतून काढताना सर्वांत जुन्या तारखेच्या टोकापासून काढावे, आणि एकेरी रांगेत वरून खाली, पूर्ण उभा पट्टा मोकळा करत जावे. मधून उपसले तर उरलेली बाजू कधी अंगावर येईल याचा नेम नसतो.